पुंजाजींचे तळपाय

आमच्या खात्यात वाईट अवस्थेतलं एकही धरण मी पाहिलं नाही. म्हणजे कागदावर. उपविभागीय कार्यालयात मी एकतीस वर्षं लिपिक होतो आणि दर उन्हाळ्यात पावसाळापूर्व तपासणीचे अहवाल माझ्याच हातून टाईप होऊन वर जात. अहवालाचा नमुना ठरलेला. पाळीची माती, वरच्या अंगाचे दगड, सांडवा, दार, झाडझाडोरा, घुशींची बिळं, पाझर असे अठरा रकाने, आणि प्रत्येकासमोर एकच शब्द: समाधानकारक. सुरुवातीला तो टाईप करायला मला वेळ लागे. पुढे बोटंच तो आपोआप करू लागली. संगणक आल्यावर तर तो प्रत्येक रकान्यात आधीच भरलेला असे; खोडायचा असेल तर कष्ट पडत. तेवढे कष्ट कुणी घेतल्याचं मला आठवत नाही.

एक माणूस सोडून. आणि त्याला संगणक येत नव्हता.

पुंजाजी खरात हे सावळदऱ्याच्या तलावावरचे चौकीदार. दुसरबीडच्या रस्त्यावरून फाटा फुटतो, तिथून आत गेलं की आधी टेकड्या लागतात, मग एकदम समोर मातीची लांबच लांब पाळ. नाल्याचा पूर अडवायला हा तलाव बांधला होता. चार शेतांना पाणी मिळालं तर ते वरकड. तलाव नव्हता तेव्हा नाला दोन-चार वर्षांनी एकदा गावात शिरे आणि जनावरं घेऊन जाई, असं जुनी माणसं सांगत. आता पूर पाळीमागे साठत होता आणि गाव पाळीच्या पायथ्याला, हाकेच्या अंतरावर, निवांत झोपत होतं. गावातलं पाळीच्या सगळ्यात जवळचं घर पुंजाजींचं. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुंजाजींनी ती कुणालाच विसरू दिली नाही.

उंच, वाळलेला माणूस. धोतर गुडघ्याच्या वर, डोक्याला उपरणं, हातात निर्गुडीची काठी आणि पायात काही नाही. खात्याकडून दरवर्षी गमबूट मिळत. पुंजाजी ते सही करून घेत आणि चौकीत ओळीने मांडून ठेवत. एका जोडात त्यांनी तुरीचं बियाणं ठेवलं होतं, दुसऱ्यात कोंबडी अंड्यावर बसे. एकदा आमच्या साहेबांनी विचारलं, "पुंजाजी, सरकारने बूट दिलेत, घालत का नाही?"

"घातले का बहिरा होतो साहेब."

"बहिरा?"

"पायाचे कान हायेत. बूट घातला का बंद."

साहेबांना ही गंमत वाटली. ती गंमत नव्हती. पुंजाजी रोज सूर्य उगवायच्या सुमारास पाळीचा पायथा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अनवाणी चालत. ओल डोळ्याला दिसायच्या आधी तळपायाला कळते, असं त्यांचं म्हणणं. गवताखालची माती कुठे गार लागते, कुठे दाबली की वर येते, कुठे पायाला ओढल्यासारखं होतं, हे ते पावलं मोजून सांगत. दिवस मावळला की ओट्यावर बसून तळपायांना करडईचं तेल चोळत. दुसरा एखादा वस्तऱ्याला धार लावेल तितकं मन लावून. भेगा पडलेल्या पायाला काही ऐकू येत नाही, म्हणत. त्यांच्या बायकोचं, गयाबाईंचं, यावर वेगळं मत होतं. "माह्या भाजीले तेल उरत नाही भाऊ," त्या मला म्हणाल्या होत्या, "यायचे पाय पाह्यले का? लेकराच्या गालावानी. डोक्श्याले मात्र कदी थेंब नाही."

तलावाला ते बुढी म्हणत. "धरण फुटेल" हे शब्द त्यांनी कधी उच्चारले नाहीत, दुसऱ्याला उच्चारू दिले नाहीत. "बुढी बसेल हाय तवर आपून हाय," एवढंच. कुणी भलतं बोललाच तर त्याला पाळीवरून खाली उतरवत आणि चूळ भरायला लावत. मग तो कनिष्ठ अभियंता का असेना.

साहेब लोकांची गाडी पाळीवर आली की आमच्याकडचे बाकीचे चौकीदार धावत जात, दार उघडत, डबे उतरवत. पुंजाजी जात नसत. ते खाली पायथ्याशी उभे राहत आणि तिथूनच हात जोडत. त्यांना भेटायचं तर खाली उतरायचं. बहुतेक साहेब उतरत नसत. वरून हात हलवत, डोळ्यांवर हात धरून दोन्हीकडे पाहत आणि "ठीक आहे" म्हणत. अशी तपासणी साधारण जेवणानंतर होई. पुंजाजींचा मुख्य आक्षेप या वेळेवरच होता. ते म्हणत, "दुपारी उन्हात कोनाचंबी तोंड कोरडंच दिसते. तपासाले या तं सकाळी या. तोंड धुवाच्या आधी."

त्यांच्याशी माझी खरी ओळख झाली ती नोटिशींमुळे. नोटीस मी टाईप करायचो, ती त्यांच्याकडे जायची, आणि चार दिवसांनी ते ती घेऊन माझ्याकडेच यायचे, उत्तर लिहून घ्यायला. पुंजाजी चौथी शिकले होते. वाचता यायचं, पण खुलासा लिहिणं म्हणजे वेगळी भाषा. म्हणून आरोप माझा आणि बचावही माझाच. इतकी निःपक्षपाती जागा न्यायाधीशालाही मिळत नाही.

पहिली नोटीस झाडांची. एका वर्षी वृक्षारोपणाचा मोठा कार्यक्रम ठरला. फोटोत मागे पाणी दिसावं म्हणून कुणीतरी जागा निवडली ती सरळ पाळीवरच. मंडप आला, गालिचा आला, लोकप्रतिनिधी आले. वड, पिंपळ, कडुनिंब अशी पंचवीस रोपं पाळीच्या माथ्यावर लागली आणि प्रत्येकापुढे लावणाऱ्याच्या नावाची पाटी. मातीच्या धरणावर झाड येऊ द्यायचं नाही, हे आमच्या खात्याच्या पुस्तकात पहिल्या दहा पानांत आहे. त्या दिवशी पाळीवर पाच अभियंते हजर होते. पाचही जणांनी एकेक रोप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाजींनी सगळी रोपं मुळासकट, गड्ड्यासकट उपटली, बैलगाडीत घातली आणि गावाच्या शाळेभोवती आणि स्मशानाच्या वाटेवर नेऊन लावली. पाट्यांसकट. ज्या रोपाची पाटी त्याच रोपापुढे. लोकप्रतिनिधींचा वड स्मशानाच्या दारात आला, हा निव्वळ योगायोग, असं पुंजाजी शेवटपर्यंत म्हणत राहिले.

नोटीस कडक होती. ती मीच कडक केली होती. साहेबांचा मसुदा मिळमिळीत होता. उत्तर लिहायला पुंजाजी माझ्या टेबलापाशी बसले.

"काय लिहू?"

"लिवा. झाड मोठं होते. मूळ आत जाते. मंग झाड मरते. मूळ सडते, भोक राह्यते. पानी भोक हुडकतच असते. सही."

"माफीचं एखादं वाक्य घालू का शेवटी?"

"कायले? झाडं जित्ती हायेत. बुढी जित्ती हाय. मेलं कोन?"

मी खुलासा लिहिला. पुढे काही झालं नाही, कारण कारवाई करायची तर पाळीवर झाडं कुणी लावली हे कागदावर आणावं लागलं असतं. आज ती झाडं चांगली डेरेदार झाली आहेत. शाळेच्या पोरांना सावली आहे. पाट्या गंजून गेल्या.

पण मला सांगायची आहे ती बाटल्यांची गोष्ट.

तलावाच्या पाळीवर रविवारी आसपासच्या गावांतली आणि शहरातली मंडळी हवा खायला येत. हवेबरोबर इतरही काही घेत. सोमवारी पाळीवर रिकामे पव्वे पडलेले असत. पुंजाजी ते गोळा करून, राखेने घासून ठेवत. पाळीच्या डाव्या अंगाला, सांडव्याकडून एकशे दहा पावलांवर, पायथ्याशी एक पाझर होता. बोटभर धार. मातीच्या धरणाला थोडा पाझर असतोच, त्यात भिण्यासारखं काही नाही. भ्यायचं ते पाणी गढूळ येऊ लागलं तर. नितळ पाणी म्हणजे नुसतं पाणी बाहेर पडतंय. गढूळ पाणी म्हणजे पाळीच्या पोटातली माती बाहेर पडतेय. हे पुंजाजींना कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं. तलाव बांधताना तरुणपणी ते मातीच्या टोपल्या वाहायला होते, तेव्हा एका म्हाताऱ्या मुकादमाने शिकवलं होतं. दर बाजाराच्या दिवशी ते त्या पाझराचं पाणी एका पव्व्यात भरत, बूच लावत, वर कागदाची चिठ्ठी डकवत, "चैत, दुसरा बाजार", आणि चौकीतल्या फळीवर ठेवून देत. आठवडाभरात गाळ तळाशी बसे. किती बसला ते दिसे. वर्षाच्या अशा पन्नासेक बाटल्या ओळीने उभ्या.

त्या उन्हाळ्यात वरच्या कार्यालयातले मोठे साहेब तपासणीला आले. जेवणानंतर आले, पाळीवरून हात हलवला, आणि ऊन सोसेना म्हणून सावलीला चौकीत शिरले. शिरले ते फळीसमोरच उभे राहिले. मी मागेच होतो. पन्नास पव्वे पाहिल्यावर माणसाचा चेहरा जसा होतो तसा त्यांचा झाला.

"हे काय आहे?"

पुंजाजी पायथ्यावरून वर आले होते. "बुढीचं पानी साहेब."

हे उत्तर त्या प्रसंगी फारसं उपयोगी नव्हतं. मोठे साहेब आमच्या साहेबांकडे वळले, "ड्युटीवर पितो हा?" आमचे साहेब काही बोलायच्या आत पुंजाजींनी फळीवरची एक बाटली उचलली, बूच काढलं आणि मोठ्या साहेबांच्या नाकापुढे धरली.

"वास घ्या साहेब."

साहेब मागे सरकले.

"घ्या नं. सगळ्यायचा घ्या. मंग बोला."

गाडी निघून गेली. तिसऱ्या दिवशी मी नोटीस टाईप केली: शासकीय कर्तव्यावर असताना मद्याच्या बाटल्यांचा साठा करणे, वरिष्ठांशी उद्धट वर्तन. चौकशी लागली. नोकरी जायची वेळ होती. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. पुंजाजी आले तेव्हा मी खुलाशाला कागद काढून बसलो होतो. ते म्हणाले, "या टायमाले लिवायचं नाही. मी माल घेऊनच येतो."

चौकशीच्या दिवशी ते एसटीने आले. खोक्यात कडबा भरून त्यात सगळ्या बाटल्या. कंडक्टरने खोकं पाहिलं आणि घंटी मारून गाडी थांबवली म्हणे.

"बाबा, दारू नेता येत नाही गाडीत."

"दारू नाही, पानी हाय."

"सगळेच पानी म्हन्तात."

मग त्या गाडीतल्या प्रवाशांनी दोन बाटल्यांचा वास घेतला, एका म्हाताऱ्याने जरा चाखूनही पाहिलं आणि निराश होऊन निर्वाळा दिला. गाडी पुढे निघाली.

आमच्या कार्यालयात मोठ्या टेबलावर हिरवं कापड होतं. पुंजाजींनी त्यावर बाटल्या एकेक करून मांडल्या, महिन्यांच्या क्रमाने. चौकशीला आलेले अधिकारी घड्याळ पाहत होते.

"तुम्ही दारू पिता का?"

"पेत होतो साहेब. जवान होतो तवा. लई पेलो. सोडली."

"मग या बाटल्या आल्या कुठून?"

"लोकायच्या. पाळीवर बसून पेतात, टाकून जातात." पुंजाजींनी ओळीतून चार बाटल्या पुढे सरकवल्या. या जरा निराळ्या आकाराच्या होत्या, महागातल्या. "हे चार मातर आपल्याच हायेत. मागच्या तपासनीच्या जेवनाच्या. धुवून घेतल्या मी."

मी आयुष्यात बऱ्याच बैठकांचं इतिवृत्त लिहिलं आहे. त्या बैठकीचं सगळ्यात लहान झालं. पाच मिनिटांत प्रकरण दप्तरी दाखल.

सगळे खुर्च्या सरकवून उठले. पुंजाजी उठले नाहीत. "आता पानी तं पाहा," ते म्हणाले. "नोकरीचं झालं. बुढीचं राह्यलं." वर्षभराच्या बाटल्यांत तळ स्वच्छ होता. शेवटच्या पाचांत मात्र गाळ होता. आधी नखाएवढा, मग बोटाच्या पेराएवढा. काळ्या चिकणमातीचा गाळ, पाळीच्या पोटात असतो तसला. "इथून खाऊन राह्यलं पानी तिले. पावसाळा तोंडावर हाय."

अधिकारी म्हणाले, प्रस्ताव पाठवा. आमच्या साहेबांनी प्रस्ताव पाठवला; ते वाईट नव्हते, फक्त साहेब होते. उत्तर आलं की पुढील वर्षीच्या आराखड्यात विचार करण्यात येईल. आणि त्याच टपालात स्मरणपत्र, की सावळदऱ्याचा पावसाळापूर्व तपासणी अहवाल अद्याप अप्राप्त आहे, तात्काळ सादर करावा.

अहवाल तयार होता. अठरा रकाने, अठरा वेळा समाधानकारक. खाली साहेबांची सही; शेजारच्या चौकटीत, "तपासणीवेळी उपस्थित", चौकीदाराची तेवढी व्हायची होती. तो कागद घेऊन साहेब आणि मी सावळदऱ्याला गेलो. साहेब पाळीवरून खाली उतरले, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. बुटासकट उतरले.

"पुंजाजी, ही औपचारिकता आहे. प्रस्ताव गेलाय ना आपला वर?"

पुंजाजींनी कागद वाचला. रकान्यावरून बोट फिरवत सावकाश वाचला. "पाझर. समाधानकारक," मोठ्याने म्हणाले. "कोनाचं समाधान झालं?"

"अहो, तसा शब्द असतो."

"नाही करत सही."

"मग दुसऱ्या कुणाची घ्यावी लागेल. तुमच्याविरुद्ध लिहावं लागेल."

"घ्या नं. कोनाचीबी घ्या." त्यांनी काठीने आपल्या घराकडे दाखवलं. गयाबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. "पन ज्याची सही, त्यानं पावसाळाभर त्या घरात राह्यचं. बायकोपोरं घेऊन. मी तुमच्या घरी जाऊन राह्यतो देऊळगावले. हाय कबूल?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं. हे शब्द मीच टाईप केले होते आणि माझं घरही देऊळगाव राजालाच होतं.

"पानी काई अर्ज करत नाही साहेब," पुंजाजी म्हणाले. "तुमी पुढच्या वर्सी विचार करा. ते करनार नाही."

अहवाल "चौकीदार उपस्थित नव्हते" असा शेरा मारून गेला. पुंजाजी त्या वेळी आमच्यापासून दोन हातांवर उभे होते.

मग त्यांनी गाव गोळा केलं. मी तिथे नव्हतो. हे मला नंतर जब्बार मिस्त्रींनी सांगितलं. जब्बारभाई गावातले गवंडी. त्यांच्या स्वतःच्या घराचा स्लॅब त्या उन्हाळ्यात टाकायचा होता आणि दारात वाळूचा ढीग येऊन पडलेला. पुंजाजी त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, वाळू पाह्यजे. जब्बारभाई म्हणाले, "मेरा स्लॅब?" पुंजाजी म्हणाले, "घर राह्यलं तं स्लॅब." यावर जब्बारभाईंनी जरा विचार केला आणि ट्रॅक्टर आणला.

पाझराचं तोंड चिकणमाती भरून गच्च बंद करून टाकू, असं गावातल्या बहुतेकांचं मत होतं. सरपंचांचंही. पुंजाजींनी कुणाला हात लावू दिला नाही. "तोंड दाबलं का ती दुसरीकून फुटन," म्हणाले, आणि जीभ चावून लगेच जाऊन चूळ भरून आले. आयुष्यात तो शब्द त्यांच्या तोंडून तेवढ्या एकाच वेळी निसटला. "तिले रडू द्या. पानी जाऊ द्या. फक्त माती जाऊ देऊ नका." आधी वाळूचा थर, त्यावर बारीक खडी, त्यावर जाड खडी, सगळ्यात वर मोठे दगड. पाणी त्यातून गाळून बाहेर येईल, माती आत अडकेल. घरटी टोपल्या लावल्या. थर चुकला की पुंजाजी तो उपसायला लावत. सरपंचांच्या मुलाने आधीच टाकलेली जाड खडी त्यांनी त्याच्याकडूनच वेचून घेतली. जब्बारभाई ट्रॅक्टरवरून ओरडले, "क्या पुंजाजी, बुढी को मेंदी लगा रहे क्या?" पुंजाजींनी काठी उगारली. चार दिवसांत काम झालं.

पाचव्या दिवशी नोटीस. शासकीय संरचनेवर विनापरवानगी अनधिकृत काम. या वेळी पुंजाजींनी मला दोनच वाक्यं सांगितली आणि मी ती जशीच्या तशी, फक्त भाषा जरा इस्त्री करून लिहिली: "काम अनधिकृत आहे, हे मान्य आहे. पाणीही परवानगी घेऊन येत नाही."

त्या वर्षी भादव्यात तीन दिवस झड लागली. तलाव काठोकाठ भरला, सांडव्यावरून कमरेएवढं पाणी चाललं. गावातल्या लोकांनी धान्य आणि जनावरं शाळेच्या टेकडीवर हलवली. गयाबाई हलल्या नाहीत. "मी गेली तं हा मानूस तिथंच बसन, आन् भाकर कोन देईन?" तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब आणि मी जीपने निघालो. फाट्यापुढे रस्ता पाण्याखाली होता, तिथून चालत गेलो. साहेब रस्ताभर माझ्या पुढे भरभर चालत होते. अहवालावर सही त्यांची होती.

पुंजाजी पायथ्याशी, दगडांच्या त्या थरावर, डोक्यावर खताचं पोतं घेऊन बसले होते. दगडांतून पाण्याची चांगली मनगटाएवढी धार वाहत होती. त्यांच्या शेजारी बाटल्यांची ओळ, दर प्रहराची एक. तीन दिवसांची दाढी, डोळे लाल. साहेब धापा टाकत जवळ गेले.

"कसं आहे पुंजाजी?"

पुंजाजींनी ओळीतली शेवटची बाटली उचलून त्यांच्या हातात दिली.

"वास घ्या साहेब."

साहेबांनी बाटली वर धरली. ढगांतून उजेड येत होता तेवढा तिच्यातून आरपार आला. तळाशी काही नव्हतं. मग त्यांनी ती परत दिली आणि पाठ फिरवून उगाच सांडव्याकडे पाहत राहिले.

पावसाळ्यानंतरच्या अहवालात सावळदऱ्यासमोर मी टाईप केलं: समाधानकारक. एकतीस वर्षांत हा शब्द त्या एकदाच खरा होता. पुंजाजींनी त्यावरही सही केली नाही. त्यांचं म्हणणं, कोणी केलं ते त्यात लिहिलेलं नाही.

निवृत्तीला शाल आणि नारळ मिळाला. भाषणात त्यांना "आज्ञाधारक सेवक" म्हटलं गेलं. त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा ते उठून म्हणाले, "आज्ञाधारक मी नव्हतो. तेवढं खोडा," आणि बसले. खात्याने त्यांना शेवटची भेट म्हणून चामड्याच्या चपला दिल्या. त्यांनी त्या माझ्या देखत बस स्टँडवर शेंगदाणे विकणाऱ्याला देऊन टाकल्या.

पुढे मीही निवृत्त झालो. गेल्या वैशाखात बीबी गावात एका लग्नाला गेलो होतो. सकाळी भाचा मोटारसायकलवर दुसरबीडला सोडायला निघाला, वाटेत सावळदऱ्याचा फाटा दिसला, आणि मी त्याला गाडी आत घ्यायला सांगितलं. सूर्य नुकता वर आला होता. पाळीवर खात्याची गाडी उभी. तपासणी, आणि सकाळी! मला आधी वाटलं कुणी पाण्यात पडलं असावं.

पाळीवर सहा-सात माणसं उभी होती. माथ्याच्या कडेला बुटांचा एकच जोड काढून ठेवलेला. बुटांचा धनी खाली होता. म्हणजे धनीण. नवी शाखा अभियंता, सलवार घोट्याच्या वर खोचलेली, अनवाणी, हातात फायलीचा पुठ्ठा. तिच्यापुढे पुंजाजी. पार वाकलेले, काठी तीच. पावलं मोजत दोघं डाव्या अंगाने येत होते.

"इथं पाय ठेवा म्याडम. काय म्हन्ते?"

"गार आहे."

"किती गार? माठावानी का माठाच्या बुडावानी?"

ती थांबली, पाय नीट टेकवला. "बुडासारखं."

"हाव. बरोबर."

मी खाली उतरलो. पुंजाजींनी मला ओळखलं, "आले का बाबूजी, नोटीस आनली का?" एवढं म्हणाले आणि दगडांतून येणाऱ्या धारेखाली पव्वा धरला. भरल्यावर सूर्याकडे उचलून एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. मग बाईंकडे दिला. त्यांनीही तसंच पाहिलं, पुठ्ठ्यावर कागद टेकवून लिहायला लागल्या. मला राहवलं नाही. एकतीस वर्षांची सवय. मी डोकावलो. नमुना तोच, अठरा रकाने. छापील "समाधानकारक" पेनाने खोडलेलं होतं आणि पाझरासमोर लिहिलं होतं: "आहे. डावीकडे, सांडव्यापासून ११० पावलांवर. पाणी नितळ. रोज सकाळी अनवाणी पाहावे लागेल."

"बाबा, सही करता?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, तुमची लागत नाही आता. पण."

"वाचून दाखवा."

त्यांनी वाचलं. पुंजाजींनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग हात धोतराला पुसले, पेन घेतलं आणि "तपासणीवेळी उपस्थित" या चौकटीत, सगळ्या नोकरीत रिकाम्या ठेवलेल्या चौकटीत, चौथीतल्या अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहायला सुरुवात केली. अक्षरं मोठी होती. चौकट संपली तरी आडनाव राहिलं होतं. ते त्यांनी शेजारच्या, साहेबांच्या सहीच्या जागेत पुरं केलं.

वर पाळीवर नवे साहेब बूट घालून उभे होते आणि हात हलवत होते.